शेजार तुटतो तेव्हा : कर्करोगाचे विषाणू आणि पेशींचा संवाद

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेतही ते हमखास येते. परंतु माणसाच्या शरीरातील प्रत्येक पेशीदेखील अशीच शेजारधर्माने जगत असते, आणि तो शेजारधर्म तुटला की केवढा अनर्थ ओढवतो, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेखिका कला शाखेची विद्यार्थिनी आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शंका आली तर घरी विचारावे असेही कोणी नाही. तेव्हा कर्करोगाच्या विषाणूंवर लिहिण्याचा हिचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. अधिकार काहीच नाही. कारण मात्र आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

माझी थोरली आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा तिचे वय पंचेचाळीस होते. दीड-दोन वर्षे तिच्या अंगावरून जात होते, मधूनच रक्तही दिसत होते. तिने ते नवऱ्याला सांगितले नाही, सासूला सांगितले नाही, आणि जिच्याबरोबर ती रोज खुरपायला जाई त्या शेजारणीलाही सांगितले नाही. कंबर धरून ती खाली बसली तेव्हा तिला तालुक्याला नेले, तेथून पुढे जिल्ह्याला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आहे आणि उशीर झाला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. घरातल्या बायका दबक्या आवाजात ‘पिशवीचा आजार’ एवढेच म्हणत. कोणी करणी झाली म्हणाले. कोणी तिच्या वागणुकीवरही बोट ठेवले. ते कुजबुजणे मला अजून टोचते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. हा आजार एका विषाणूच्या संसर्गाने होतो, असे त्यांनी गावातील स्त्रियांना समजावून सांगितले. रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांना विचारले, “मॅडम, विषाणूने सर्दी होते हे समजते. पण विषाणूने गाठ कशी होते?” त्या म्हणाल्या, “तो पेशीला वाढायला लावतो हे तर खरेच. पण त्याबरोबर तो तिला बहिरीही करतो. शेजारणी काय सांगतात ते तिला ऐकू येईनासे होते.”

‘बहिरी’ हा शब्द माझ्या मनातून जाईना. विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका सरांनी मला दोन पुस्तके दिली आणि कित्येक शनिवार अर्धा-अर्धा तास देऊन माझ्या शंका सोडविल्या. त्यातून मला जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञान न शिकलेल्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडीत आहे.

भिंतीतला झरोका

आमच्या गावी आमचे आणि शेजारच्या काकूंचे घर एकाच भिंतीला टेकून आहे. त्या सामाईक भिंतीत चुलीजवळ एक झरोका आहे. आजी सांगते, पूर्वी त्यातून विस्तव जायचा, मीठ जायचे, विरजणाची वाटी जायची. ‘घरात पाहुणे आलेत’, ‘पोराला ताप आहे’ अशा बातम्याही त्यातूनच जायच्या. ज्वारीचे पोते मात्र त्यातून जात नसे. त्याला दारच लागे.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींमध्ये असेच झरोके असतात. इंग्रजीत त्यांना ‘गॅप जंक्शन’ म्हणतात. ‘कनेक्झिन’ नावाच्या प्रथिनाचे सहा रेणू गोलाकार उभे राहतात आणि पेशीच्या आवरणात आरपार एक नळी तयार करतात. ही अर्धीच नळी. शेजारची पेशीही आपल्या आवरणात तशीच अर्धी नळी बसविते. दोन्हींची तोंडे एकमेकांस जुळली म्हणजे झरोका पुरा होतो. म्हणजे एका घराने भिंत फोडून भागत नाही. दोन्ही घरांनी आपापल्या बाजूने फोडावी लागते.

माणसात कनेक्झिनचे सुमारे वीस प्रकार आहेत. सर्वांत अधिक ठिकाणी आढळणारा प्रकार म्हणजे ‘कनेक्झिन ४३’. हा आकडा त्या प्रथिनाच्या वजनावरून पडला आहे. या झरोक्यातून सुमारे एक हजार डाल्टन वजनापर्यंतचे लहान रेणूच जाऊ शकतात (डाल्टन हे रेणू तोलण्याचे माप. हायड्रोजनचा एक अणू सुमारे एक डाल्टन भरतो). क्षारांचे विद्युतभारित कण, साखरेचे रेणू, निरोप पोचविणारे छोटे रेणू हे सारे जातात. प्रथिने आणि डीएनए ही मात्र ज्वारीची पोती; ती जात नाहीत. कनेक्झिनचे आयुष्य अवघे काही तासांचे असते. जुने मोडते आणि पेशी नवे घडविते. शेजार एकदा जोडला आणि झाले, असे पेशींच्या जगातही नाही. तो रोज राखावा लागतो.

या झरोक्यांचे महत्त्व दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. हृदयाच्या लक्षावधी स्नायुपेशी एका ठेक्यात आकसतात, कारण विजेची सूक्ष्म लाट या झरोक्यांतून एका पेशीतून दुसरीत जाते. बाळंतपणाची वेळ जवळ आली की गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये या झरोक्यांची संख्या पुष्कळ वाढते, आणि म्हणूनच कळा एकदिलाने येऊ शकतात. आपण सगळे या जगात आलो ते पेशींच्या शेजारधर्मामुळेच, असे म्हटले तरी चालेल.

याशिवाय आणखी एक काम आहे, आणि आपल्या विषयाशी त्याचाच संबंध आहे. निरोगी पेशी शेजारणींना टेकली, जागा भरली, की ती विभागणे थांबविते. ‘आता पुरे’ हा निरोप अनेक मार्गांनी येतो. काही निरोप पेशींच्या पृष्ठभागावरील स्पर्शाने येतात, तर काही या झरोक्यांतून. कर्करोगाची पेशी हे ‘पुरे’ ऐकत नाही.

कोंबडीपासून सुरुवात

विषाणूने कर्करोग होऊ शकतो हे प्रथम ज्यांनी ठळकपणे दाखविले त्यांत पेटन राउस यांचे नाव घेतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांच्याकडे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी आली. त्यांनी ती गाठ वाटली आणि तिचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी आणि जीवाणू मागेच राहावेत. तो गाळलेला रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही तशाच गाठी झाल्या. अर्थात गाळणीतून पार झालेले काहीतरी गाठ उत्पन्न करीत होते. ही गोष्ट १९११ सालची. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

योगायोग असा की, त्याच १९६६ साली लोवेनस्टाइन आणि कानो या शास्त्रज्ञांनी आपल्या विषयातील पहिले महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. यकृताच्या निरोगी पेशीत अतिसूक्ष्म सुईने विजेचा प्रवाह सोडला की तो शेजारच्या पेशींत उतरतो, हे त्यांना दिसले होते. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत मात्र तो उतरला नाही. प्रत्येक पेशी आपापल्या घरात कोंडल्यासारखी होती.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मायकेल स्टोकर यांनी याची दुसरी बाजू दाखविली. ‘पॉलिओमा’ नावाच्या विषाणूने बिघडविलेल्या पेशी त्यांनी निरोगी पेशींच्या सान्निध्यात वाढविल्या. बिघडलेल्या पेशींचा निरोगी, स्थिरावलेल्या पेशींना प्रत्यक्ष स्पर्श झाला, तेथे त्यांची वाढ आवरली गेली. एका पात्रात, एकाच द्रवात असणे पुरेसे नव्हते. अंगाला अंग लागणे आवश्यक होते. चांगला शेजार लाभला आणि त्याच्याशी संबंध टिकला, तर बिघडलेली पेशीदेखील काही अंशी ताळ्यावर राहू शकते, असा याचा अर्थ. मग उलट बाजूने पाहता, अशा पेशीला मोकाट सुटायचे असेल तर तिला आधी शेजार तोडणे सोयीचे पडेल.

झरोका कसा बंद होतो?

राउस यांच्या विषाणूत ‘सार्क’ नावाचे एक जनुक आहे. ते जे प्रथिन घडविते त्याचे काम म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणे. हा शिक्का म्हणजे पेशीतला हुकूमच. तो बसला की प्रथिनाची वागणूक बदलते. पेशी स्वतःही असे शिक्के मारते, पण वेळ पाहून आणि मोजून. विषाणूचे सार्क प्रथिन मात्र अखंड शिक्के मारीत सुटते.

१९८१ साली या विषाणूच्या एका विशिष्ट वाणावर प्रयोग झाला. या वाणाचे सार्क प्रथिन कमी तापमानात काम करते आणि तापमान थोडे वाढविले की निकामी होते. शास्त्रज्ञांनी विषाणूग्रस्त पेशींचे तापमान उतरविले, तेव्हा थोड्याच वेळात एका पेशीतून दुसरीत जाणारा चकाकणारा रंग अडू लागला. तापमान पुन्हा चढविले, तर वाट पुन्हा मोकळी झाली. म्हणजे झरोका काही पडून गेलेला नव्हता; सार्कच्या हुकमाने तो मिटत होता. पुढे असेही दिसून आले की कनेक्झिन ४३ वर ठरावीक जागी सार्कचा शिक्का बसतो आणि नळी बंद होते.

पॉलिओमाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या एका प्रथिनाजवळ स्वतःचा शिक्काच नाही. ते पेशीच्या स्वतःच्या सार्कला हाताशी धरून काम साधते. होय, निरोगी पेशीजवळही सार्क असते! १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवून दिले की, राउसच्या विषाणूतील सार्क हे मुळात कोंबडीच्याच पेशीतले जनुक आहे; विषाणूने ते कधीकाळी उचलून नेले आणि बिघडलेल्या रूपात परत आणले. या शोधासाठी त्या दोघांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चोराने आपल्याच घरातली पहार नेऊन आपलीच भिंत फोडावी, तसा हा प्रकार.

आत्याच्या आजाराचा विषाणू

आता कोंबडीकडून माणसाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ या विषाणूमुळे होतो. थोडक्यात त्याला एचपीव्ही म्हणतात. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी किंवा साध्या चामखिळी आणणारे आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली १६ क्रमांकाचा आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून शोधून काढला. जगातील अशा कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

हा विषाणू अस्तराला पडलेल्या बारीकशा ओरखड्यातून सर्वांत खालच्या थरातील पेशीत शिरतो. त्याच्याजवळ मोजकीच जनुके असतात. त्यांतली तीन आपल्या कामाची: ई-५, ई-६ आणि ई-७. ई-७ हे पेशीच्या विभाजनाला लावलेला अडसर काढते. ई-६ हे ‘पी-५३’ नावाच्या रखवालदार प्रथिनाचा नाश करविते. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला तर काम थांबविणारा हाच रखवालदार. अडसर गेला, रखवालदार गेला, म्हणजे पेशी विभागत सुटण्याची तयारी झाली. पाठ्यपुस्तकात बहुधा एवढेच सांगितलेले असते.

पण शेजाराचे काय? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ क्रमांकाच्या विषाणूचे ई-५ जनुक माणसाच्या त्वचेच्या पेशींत घातले, तेव्हा पेशीपेशींमधील रंगाची ये-जा घटली. कनेक्झिन ४३ वर एरवी असणारे नेहमीचे फॉस्फेटचे शिक्के या वेळी उलट कमी झालेले आढळले. म्हणजे शिक्के भलतीकडे मारून शेजार तोडता येतो, तसा हवे ते शिक्के पुसूनही तोडता येतो. कर्करोग पुढे सरकलेल्या काही पेशींत तर कनेक्झिन ४३ भिंतीत दिसतच नाही. ते पेशीच्या पोटात पडून राहते. या घडामोडीत ई-६ चा हात असल्याचे आढळले आहे. याशिवाय शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे ‘ई-कॅडहेरिन’ नावाचे प्रथिन आहे. विषाणूची बाधा झालेल्या अस्तरात तेही कमी होते. अस्तरात गस्त घालणाऱ्या संरक्षक पेशी त्याच प्रथिनाला धरून तेथे टिकतात. ते घटले की गस्तही विरळ होते.

विषाणूचा सुगावा लागण्याच्या आधीच, १९६९ साली, मॅकनट आणि वाइनस्टाइन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. त्यांत हे झरोके फार कमी आहेत, असे त्यांनी तेव्हाच नोंदविले होते. बंद झालेली घरे दिसली होती. ती कोणी बंद केली हे कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

येथे एका स्त्रीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई, कृष्णवर्णीय, गरीब. १९५१ साली ती याच कर्करोगाने एकतिसाव्या वर्षी वारली. उपचाराच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेण्यात आला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत आजतागायत वाढत आहेत. ‘हीला’ या नावाने त्या जगभर ओळखल्या जातात. त्यांच्यात १८ क्रमांकाचा विषाणू आहे, आणि त्यांच्यात हे झरोके जवळजवळ नसतात. १९९५ साली या पेशींत शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या कनेक्झिनची जनुके बाहेरून घातली. कनेक्झिन २६ घातले तेव्हा पेशींची वाढ आवरली. कनेक्झिन ४० किंवा ४३ घातले तेव्हा मात्र ती आवरली नाही. म्हणजे झरोका असून भागत नाही. तो योग्य निरोपाचा झरोका असावा लागतो.

विषाणूला यातून काय मिळते?

सरांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, “विषाणूला कर्करोग नको असतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात.” खरेच आहे. आपले यजमान मारून विषाणूला लाभ नाही. तो पेशीला कामाला जुंपतो, आणि त्या खटाटोपात एखादी पेशी कायमची हाताबाहेर जाते.

परंतु शेजार तुटण्याचा आणखी एक फायदा त्याला होत असावा. पेशीत नको त्या ठिकाणी डीएनए दिसले की पेशी ‘सीजीएएमपी’ नावाचा एक छोटा रेणू तयार करते. ही धोक्याची घंटा. २०१३ साली असे दिसून आले की हा रेणू त्याच झरोक्यांतून शेजारच्या पेशींत जातो, आणि बाधा न झालेल्या शेजारणीही आधीच सावध होतात. गावात चोर शिरले म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात हाक जावी, तसेच हे. २०१५ साली पुढचे पाऊल पडले. ही घंटा ऐकणारे जे प्रथिन पेशीत असते त्यालाच एचपीव्हीचे ई-७ प्रथिन अडवून धरते, असे आढळले. त्यात हीला पेशींचाही समावेश होता. एकीकडे झरोका बंद आणि दुसरीकडे कान बंद. मग हाक कोणापर्यंत पोचणार? ‘बहिरी’ हा डॉक्टर मॅडमचा शब्द किती नेमका होता, ते मला येथे कळले.

काही सावधगिरीच्या गोष्टी

उपमा सोप्या असतात, पण त्या फसवितातही. म्हणून तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत.

पहिली, केवळ झरोके बंद झाल्याने कर्करोग होतो असे नाही. तो अनेक बिघाडांतला एक बिघाड आहे. शिवाय प्रत्येक कर्करोगात प्रत्येक वेळी झरोके बंदच असतात असेही नाही. फुफ्फुसातून किंवा स्तनातून मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी मेंदूतील पेशींशी नवे झरोके जोडून स्वतःचा फायदा करून घेतात, असे २०१६ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले. शेजार चांगल्या कामाला येतो तसा वाईटालाही येतो.

दुसरी, विषाणूची बाधा म्हणजे कर्करोग नव्हे. एचपीव्हीची बाधा झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणींचे शरीर दोन वर्षांच्या आत तिचा आपोआप निकाल लावते. जिथे ती टिकून राहते, तिथेही कर्करोग व्हायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. एवढा अवधी निसर्ग आपल्याला देतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. पण तो इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची बाधा होऊन जाते. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही ती होऊ शकते. तेव्हा हा आजार कोणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. माझ्या आत्यावर बोट ठेवणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे होते. आणि कर्करोगाच्या रोग्याशेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही, हेही.

आपल्या भागातली गोष्ट

हे सारे संशोधन न्यूयॉर्क आणि जर्मनीतले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु या रोगाविषयीचा एक जगप्रसिद्ध अभ्यास आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या पाहणीत होत्या. गावांचे चार गट पाडले होते. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती. आठ वर्षे लक्ष ठेवल्यावर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या सुमारे चौतीस हजार स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४ झाले. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या आकड्यांकडे पाहताना त्या चौसष्ट जणी माझ्या डोळ्यांसमोर येतात. त्याही कोणाच्या तरी आत्या असतील.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. त्यात डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका झोपडपट्ट्यांत तपासणी करीत होत्या. साधन काय, तर पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलेच. ते गर्भाशयमुखावर लावले की बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. एवढ्या स्वस्त उपायाने मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले.

आता लसही आहे. तिच्यात विषाणूचे नुसते टरफल असते. आतली जनुके नसतात, त्यामुळे तिच्यापासून रोग होऊ शकत नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने भारतात तयार केलेली अशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, ती घेतल्यास सर्वांत उपयोगी. झालेली बाधा मात्र ती घालवीत नाही. म्हणून तिशीनंतरची तपासणी सुटत नाही. एवढे उपाय हाताशी असूनही जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या.

समारोप

विषाणू पेशीचा शेजार तोडतो, तिला बहिरी करतो आणि तिची हाकही शेजारणींपर्यंत पोचू देत नाही. हे वाचत असताना मला वारंवार आत्या आठवत होती. तिच्या पेशींतले झरोके विषाणूने बंद केले. त्याला डोळे नाहीत, बुद्धी नाही, त्याला दोष कसा द्यावा? पण आमच्या घरातले झरोके आम्हीच बंद केले होते. ‘बायकांचे दुखणे’ म्हणून, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. तिला पंधरा वर्षांचा अवधी होता. त्यातली शेवटची दोन वर्षे शरीर तिला स्वतः सांगत होते. ते पुढे सांगायला तिला जागा नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा हा लेख आईला वाचून दाखविला. कनेक्झिन वगैरे तिला कळले नाही, आणि तिने ते कळल्याचे सोंगही केले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग उठून चुलीजवळ गेली आणि झरोक्यातून काकूंना हाक मारली, “अहो ऐकलं का, पोरगी काय म्हणतीय बघा जरा.” काकू आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. या वेळी मध्येच थांबवून काकूंनी दोन गोष्टी विचारल्या, ज्या त्यांनी यापूर्वी कोणालाही विचारल्या नसाव्यात.

पुढच्या आठवड्यात त्या दोघी एकाच एस. टी. ने तालुक्याच्या रुग्णालयात तपासणीला जाऊन आल्या. दोघींचीही तपासणी निर्वेध निघाली. माझ्या वाचक मैत्रिणींनो, आणि मित्रांनो, तुम्हीही सुट्टीत घरी जालच. आपल्या आईला, मावशीला, आत्याला, वहिनीला एवढे विचारा. संकोच वाटेल, मलाही वाटला होता. पण तो पहिल्या वाक्यापुरताच असतो.